अभिकल्प आणि तंत्रज्ञान : माध्यमिक शाळेतील विषयनिवड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या काळात आपल्या ट्रस्टने शिष्यवृत्त्या दिल्या, पुस्तके दिली, गुणवंतांचे सत्कार केले. मी आयुष्यभर तांत्रिक विद्यालयात अध्यापन केलेला शिक्षक आहे. त्यामुळे विश्वस्तांनी मला बोलावले, तेव्हा ज्या विषयात माझे आयुष्य गेले त्याच विषयासंबंधी बोलण्याची अनुज्ञा मी मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली, याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

आठवी संपता संपता घरोघरी एक प्रश्न उपस्थित होतो. शाळेकडून विषयनिवडीचा कागद येतो. त्यात एखाद्या ठिकाणी तांत्रिक विषय असतो, एखाद्या ठिकाणी व्यवसाय विषय असतो, तर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ असतो. मुलगा किंवा मुलगी विचारते, “हा विषय घेऊ का?” आणि बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : “तू हुशार आहेस, तुला तो कशाला हवा?” या उत्तरात एक समजूत दडलेली आहे. ज्याला पुस्तक झेपत नाही त्याने हत्यार हाती घ्यावे, अशी ती समजूत. आजचे माझे सारे बोलणे या एका समजुतीविषयी आहे.

विषयाचे खरे स्वरूप

प्रथम या विषयात काय असते ते पाहू. आपल्याकडे त्याची रूपे अनेक आहेत आणि ती शाळेगणिक बदलतात. म्हणून ज्या परीक्षेची मांडणी अगदी स्पष्ट आहे अशा इंग्लंडमधील परीक्षेचे उदाहरण घेतो. तेथे सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुले ‘जीसीएसई’ ही परीक्षा देतात. तिला आपल्या दहावीच्या जागी समजावे. तीत ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा ऐच्छिक विषय आहे. ‘डिझाइन’ या शब्दाला आपण अभिकल्प म्हणू. करावयाच्या वस्तूची आधी मनात आणि कागदावर केलेली सर्वांगीण रचना, असा त्याचा अर्थ.

या विषयाचे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे प्रकल्पाला असतात. लेखी परीक्षेत लाकूड, धातू, प्लास्टिक, कागद, कापड यांचे गुणधर्म, यंत्रांची हालचाल, विजेची मंडले, ऊर्जेचे स्रोत यांवर प्रश्न येतात. लेखी परीक्षेतील किमान पंधरा टक्के गुण गणिती कौशल्यासाठी असावेत असा नियमच आहे. प्रकल्पाची पद्धत त्याहून लक्षणीय आहे. दरवर्षी १ जून रोजी परीक्षा मंडळ काही व्यापक परिस्थिती जाहीर करते, काय बनवावे ते मात्र सांगत नाही. विद्यार्थ्याने त्या परिस्थितीतून एखाद्या खऱ्या माणसाची खरी अडचण शोधावयाची आणि तिच्यावर उपाय योजून तो प्रत्यक्ष घडवावयाचा, अशी अपेक्षा असते.

आता गुणांची वाटणी पाहा. ‘एक्यूए’ या तेथील परीक्षा मंडळाच्या प्रकल्पाला एकूण १०० गुण आहेत. अडचणीचा शोध आणि अभ्यास यांस १०, उद्दिष्ट व अटी निश्चित करण्यास १०, निरनिराळ्या कल्पना मांडण्यास २०, निवडलेली कल्पना विकसित करण्यास २०, प्रत्यक्ष वस्तू घडविण्यास २० आणि तिचे परीक्षण-मूल्यमापन करण्यास २०. म्हणजे ज्याला आपण ‘हातकाम’ म्हणून बाजूला सारतो त्याला शंभरांपैकी केवळ वीस गुण आहेत. उरलेले ऐंशी गुण निरीक्षण, तर्क, कल्पना, मोजमाप आणि स्वतःच्या कामाची निःपक्ष तपासणी यांचे आहेत. पुस्तक न झेपणाऱ्यासाठी हा विषय आहे, हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

एका बैठकीचे उदाहरण

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या परिचयाचे उदाहरण देतो. तुमच्या आजीचे गुडघे दुखतात. सामायिक करण्यासाठी तिला जमिनीवर बसवत नाही, आणि घरातील खुर्ची इतकी उंच आहे की तिचे पाय अधांतरी राहतात. तिच्यासाठी बैठक करावयाची आहे, असे समजा.

प्रथम आजीला प्रश्न विचारावे लागतील. बसताना दुखते की उठताना? उठताना ती हात कशावर टेकते? बैठक तिला स्वतः उचलून मंदिरात न्यावयाची आहे काय? मग तिच्या गुडघ्यामागील बाजूपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी लागेल, कारण बैठकीची उंची ठरते ती याच मापावरून. बैठक फार खाली घेतली तर उठताना गुडघ्यावर भार येतो, फार वर घेतली तर मांडीखाली दाब पडून पाय बधिर होतात. उठण्यासाठी बाजूला हात हवेत. पण हात लावले की वजन वाढते आणि आजीला ती उचलवत नाही. दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. अशा वेळी कोणती किती सोडावयाची, हे ठरविण्याची बुद्धी कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उत्तरात छापलेली नसते.

मग पाय सरळ ठेवावे की किंचित बाहेर झुकवावे? आजी एका हातावर जोर देऊन उठते, तेव्हा सरळ पायांची बैठक कलंडू शकते. पाय बाहेर झुकविले तर ती स्थिर होते, परंतु त्यासाठी छिद्रे तिरकी पाडावी लागतात आणि तो कोन भूमितीने काढावा लागतो. आधी पुठ्ठ्याचा लहान नमुना, मग टाकाऊ लाकडाचा पूर्ण आकाराचा नमुना, मग आजीला त्यावर बसवून पाहणे, मग सुधारणा. शेवटी खरे लाकूड. भूमिती, विज्ञान, अर्थशास्त्र आणि माणसाविषयीची कणव ही सारी त्या एका बैठकीत एकत्र येतात.

यातच आपल्या समाजाला जवळचा असलेला आणखी एक प्रश्न आहे. लाकडाचे सांधे कशाने चिकटवावयाचे? सुतारकामात परंपरेने वापरला जाणारा सरस हा जनावरांची कातडी व हाडे उकळून तयार करतात. आज बाजारात मिळणारा पांढरा कृत्रिम गोंद रसायनांपासून होतो आणि लाकडाला तो उत्तम धरतो. ताटातील पदार्थाविषयी आपण जागरूक असतो. परंतु ज्या पाटावर बसून जेवतो त्याच्या सांध्यात काय आहे, याची चौकशी किती जण करतात? पदार्थविज्ञान आणि कारागिरी ज्ञात असेल तरच हा प्रश्न सुचतो. वापरातील वस्तूंबाबत विवेक पाळावयाचा, तर त्या कशाच्या आणि कशा बनतात हे कळले पाहिजे.

गुण्याची साक्ष

माझ्या कार्यशाळेत नवा विद्यार्थी आला की मी त्याला लोखंडाचा एक तुकडा आणि कानस देत असे. एक बाजू सपाट करावयाची, एवढेच काम. सर्वांना ते क्षुल्लक वाटे. परंतु कानस पुढे जाताना हात नकळत डोलतो, कडा अधिक झिजतात आणि मध्यभाग फुगीर राहतो. विद्यार्थी म्हणे, “सर, झाले.” मी त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरावयास सांगे. पोलादी पट्टी आणि तुकडा यांच्यामधून प्रकाशाची रेषा दिसे. मला काही बोलावे लागत नसे. तो मुकाट्याने परत जागेवर जाई.

या अभ्यासाचे मोल मला गुणपत्रिकेहून अधिक वाटते. लेखी उत्तर चुकले तर विद्यार्थी शिक्षकाशी वाद घालू शकतो. गुण्याशी वाद घालता येत नाही आणि त्याच्याकडे वशिलाही चालत नाही. करवतीने लाकूड आखूड कापले गेले तर ते पुन्हा वाढत नाही. म्हणून दोनदा मोजावे आणि एकदा कापावे, ही सवय लागते. पाठांतरात पहिला येणारा विद्यार्थी येथे कधी कधी प्रथमच अडखळतो, आणि चुकल्यावर न खचता पुन्हा आरंभ करण्यास शिकतो. हुशार मुलांना या शिक्षणाची गरज अधिक आहे, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

आपली परंपरा

हा विचार आपण पश्चिमेकडून उसना घेत आहोत, असे कोणी समजू नये. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जीवननिर्वाहासाठी सहा कर्मे शिकविली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. यांतील मसि आणि वाणिज्य, म्हणजे लेखणी आणि व्यापार, आपण मनापासून जोपासले. विद्येचा आपल्याला अभिमान आहे. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या बांधवांनी कृषी सांभाळली. शिल्प मात्र आपल्या घरांतून हळूहळू मागे पडले. आपण वस्तू विकतो, ती घडविणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो. त्या यादीत शिल्प इतरांच्या बरोबरीने आले आहे, याचे स्मरण ठेवण्यासारखे आहे.

ज्यांनी ही रेषा ओलांडली त्यांची नावे आपण आदराने घेतो. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे १९४० मध्ये विमानाचा कारखाना उभारला, पुढे मोटारीचा कारखाना काढला, आणि त्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तरुणपणी किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविताना त्यांनी खेडी जवळून पाहिली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर श्रम आणि शिक्षण यांची त्यांनी घातलेली सांगड ‘कमवा आणि शिका’ या योजनेच्या रूपाने महाराष्ट्राला परिचित आहे.

शासकीय पातळीवरही हा विचार जुना आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात कार्यरत असलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले अन्नतंत्रज्ञ. मुंबईतील मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील काम सोडून ते शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात आणि गावाला उपयोगी सेवा पुरवितात. राज्याच्या शिक्षण मंडळाने त्यास माध्यमिक परीक्षेचा विषय म्हणून मान्यता दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांसमवेत दहा दिवस दप्तराविना घालविण्याची शिफारस केली आहे.

एक इशारा

मग अडचण कोठे आहे? धोरणांत नाही, तर निवडीत आहे. येथे पुन्हा इंग्लंडकडे वळतो, कारण त्या देशाचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९० मध्ये हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात सक्तीचा झाला. २००४ पासून चौदा वर्षांवरील मुलांसाठी तो ऐच्छिक करण्यात आला. २०१० मध्ये शाळांचे मूल्यमापन ज्या मुख्य विषयांवरून करावयाचे त्यांची एक यादी शासनाने केली. तीत इंग्रजी, गणित, विज्ञान, परभाषा आणि इतिहास वा भूगोल होते, हा विषय नव्हता. शाळांचे लक्ष यादीकडे गेले, पालकांचे शाळांकडे. विषय घेणाऱ्यांची संख्या पुढील वर्षांत पूर्वीच्या निम्म्याहूनही पुष्कळ खाली आली. विद्यार्थी घटले म्हणून शिक्षक घटले, आणि शिक्षक नाहीत म्हणून काही शाळांतून विषयच गेला.

औद्योगिक क्रांती ज्या देशात झाली तेथे असे घडले. कोणी त्या विषयावर बंदी घातली नव्हती. प्रत्येक घराने आपापल्यापुरता “आपल्या मुलाला नको” असा निर्णय घेतला, इतकेच. आपल्याकडे ज्या शाळांत कार्यशाळा आहेत त्यांचेही भवितव्य अशाच शेकडो घरांतील निर्णयांवर अवलंबून आहे.

पालकांच्या शंका

पहिली शंका गुणांची. प्रकल्प नियमितपणे करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण वर्षभरात जमत जातात, त्यांचा सारा भार तीन तासांच्या एका पेपरवर राहत नाही. मात्र प्रकल्प शेवटच्या आठवड्यात वडिलांनी सुताराकडून करवून घ्यावयाचा असेल, तर हा विषय घेऊच नये. त्यात मुलाचेही नुकसान आहे आणि सत्याचेही.

दुसरी शंका पुढील वाटचालीची. हा विषय घेतला म्हणून विज्ञानशाखेचा मार्ग बंद होत नाही. अभियांत्रिकीस बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागतेच, ते पुढे घ्यावयाचे असते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हाही एक प्रतिष्ठित मार्ग आहे. ज्यांना अभिकल्पाचेच शिक्षण घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ पासून आणि मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्र १९६९ पासून कार्यरत आहे. आयआयटीच्या या पदवीसाठी ‘युसीड’ ही प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, आणि तीत हाताने रेखाटन करावे लागते. शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलांना या तयारीचा पाया शाळेतच मिळतो.

तिसरी शंका मुलींची. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम, ही वाटणी कालबाह्य झाली आहे. कापड हा या विषयात लाकूड आणि धातू यांच्याच पंक्तीला बसणारा पदार्थ आहे. आणि लाकडाला रंधा मारणाऱ्याचे लिंग कळत नाही. माझ्या कार्यशाळेतील सर्वांत नेमकी मापे अनेकदा विद्यार्थिनींची असत.

तथापि सर्वांनी डोळे मिटून हा विषय घ्यावा, असे मी म्हणणार नाही. कागदावर सही करण्यापूर्वी शाळेत जाऊन पाच गोष्टी पाहाव्यात. कार्यशाळा उघडी असते की कुलूपबंद? शिक्षक त्या विषयाचे आहेत की उरलेल्या तासिका भरण्यासाठी नेमलेले? गेल्या वर्षीच्या मुलांनी घडविलेल्या वस्तू दाखवितात काय? या विषयाऐवजी कोणता विषय सोडावा लागतो, आणि तो पुढे आवश्यक आहे काय? आणि शेवटचे, मुलाला स्वतःला हा विषय हवा आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसरा विषय घ्यावा आणि मुलाला सुटीत एखाद्या चांगल्या कारागिराकडे बसवावे.

ट्रस्टला विनंती

आता विश्वस्तांना एक नम्र विनंती करून थांबतो. आपल्या पारितोषिक समारंभात दरवर्षी दहावी-बारावीच्या टक्क्यांचा गौरव होतो, तो व्हावयासच हवा. त्यात यंदापासून एका पारितोषिकाची भर घालावी. समाजातील कोणत्याही मुलाने वा मुलीने दुसऱ्याची खरी अडचण ओळखून स्वतःच्या हाताने घडविलेल्या वस्तूला ते द्यावे. ती वस्तू व्यासपीठावर मांडावी, आणि ज्याच्यासाठी ती केली त्यालाच दोन शब्द बोलावयास सांगावे. शक्य झाल्यास ट्रस्टच्या वास्तूतील एक खोली, चार भक्कम टेबले, नेमकी हत्यारे आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक कुशल सुतार, एवढी व्यवस्था करावी. यास फार मोठा निधी लागत नाही.

त्या खोलीत मुले येऊ लागली, की विषयनिवडीच्या कागदावर काय लिहावे हे मोठ्यांनी सांगावे लागणार नाही. मुलांना ते स्वतः कळू लागेल.